ओठांना सोसेल असा लाल

माझ्या भाचीचे ओठ बाजारातली कुठलीच लिपस्टिक सोसत नाहीत. लावली की तासाभरात सालपटं निघतात आणि ओठ चहात बुडवलेल्या पावासारखे फुगतात. साखरपुड्याच्या एकूण एक फोटोत ती तोंडावर रुमाल धरून उभी आहे. माहीत नसणाऱ्याला वाटेल, पोरीला बळजबरीने बोहल्यावर चढवताहेत. लग्नाची तारीख निघाली तसा तिचा सुरतेहून फोन आला.

"फुई," ती म्हणाली. आमच्याकडे आत्याला फुई म्हणतात. "मला लग्नात तोंड उघडं ठेवून हसायचंय. तुझं पार्लर आहे ना? कर काहीतरी."

'कर काहीतरी' असं माझ्यासमोर बोलू नये, हे घरचे लोक पाहुण्यांना दारातच सांगून ठेवतात. मी त्याच संध्याकाळी जाहीर केलं की भाज्यांच्या टाकाऊ सालींतून रंग काढणार, त्यात मेण आणि तेल घालणार आणि नवरीच्या ओठांना पुरेल एवढी एक डबी बनवणार. नवऱ्याने वर्तमानपत्र खाली केलं, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा वर केलं.

रसवाल्याकडून पिशवीभर बिटाचा चोथा आणला. पातेल्यात उतरलेला रंग पाहून मी स्वतःलाच टाळी दिली. पण बिटाचा रंग पाण्याचा सोयरा, तेलाशी त्याचं बोलणंच नाही. तेल-मेण वर तरंगतंय आणि रंग रुसून तळाशी बसलाय. चार दिवसांनी त्याचा तपकिरी काढा झाला. मग गाजराच्या साली घेतल्या. त्यांचा रंग तेलात गुणी मुलासारखा उतरला, पण ओठांना लावून आरशात पाहिलं तर हळदीचं दूध पिऊन तोंड पुसायचं विसरलेली बाई समोर उभी. कांद्याच्या टरफलांबद्दल मी बोलणार नाही.

"भाजी आता फक्त सालींसाठी आणायची का?" नवऱ्याने विचारलं. "नाही, मधला भाग कुणी खाणार असेल तर मी बसलोय."

खरं तर लाल रंग माझ्या नाकासमोरच होता, रोज शिंका आणत होता. पार्लरपासून हाकेच्या अंतरावर मिरचीची पथारी आहे. थंडीत तिथे मैदानभर मिरची वाळत पडते आणि बायका रांगेने बसून देठं खुडतात. पायाखाली येऊन तुटलेली मिरची एका कोपऱ्यात लोटून देतात. ती मी मागून आणली. तिखटपणा बियांत आणि आतल्या पांढऱ्या शिरांत जास्त असतो, एवढं मला ठाऊक होतं. भुवया कोरायच्या चिमट्याने मी एकेक शीर उपटली. उरलेली साल ताकात भिजवली, धुतली, सुकवली आणि मंद आचेवर तिळाच्या तेलात सोडली. तेलाला जो लाल चढला, त्यापुढे शालूने मान खाली घालावी.

आता तपासायला ओठ हवेत. डबी घेऊन पथारीवर गेले. तिथल्या सगळ्यात जुन्या बाईला सगळ्या आक्का म्हणतात. तिने बोटभर रंग ओठांवर फिरवला.

"काहीच नही लागस," ती म्हणाली. "थंडगार शे."

शेजारणीने लावला, तिच्या शेजारणीने लावला. सगळी रांग लाल ओठांनी हसत बसली. मी स्वतः लावून जेवले, झोपले. काही नाही.

भाची साड्या दाखवायला आली, तेव्हा मी तिला खुर्चीत बसवलं, डोळे मिटायला लावले आणि रंग लावला. मी दहापर्यंतही मोजलं नसेल.

"फुई, बळे छे," जळजळीने ती थेट गुजरातीत गेली. "बहु बळे छे."

दुपारभर ती दह्याच्या वाटीत ओठ बुडवून बसली. शेजारच्या खुर्चीतल्या, तोंडाला मुलतानी माती लावलेल्या गिऱ्हाइकाने विचारलं, "हे नवीन काही सुरू केलंय का?"

मी तणतणत पथारीवर गेले. आक्का देठं खुडता खुडता हसली.

"मन्हा ओठले काय इचारस तू? इतला वरीसपाईन मिरची खुडी ऱ्हायनू मी. चुलाना निखारा लाव, तरी थंडगारच सांगसू."

आणि मी? वर्षानुवर्षं त्याच वाऱ्यात श्वास घेणारी, तीच मिरची खाणारी. माझी साक्ष कोण धरणार?

आक्काने मग रांगेच्या टोकाला बोट केलं. मोलगीकडच्या पाड्यावरून एक बाई त्याच आठवड्यात कामाला आली होती. दर थोड्या वेळाने ती बोटं पाण्याच्या तांब्यात बुडवत होती. "तिले इचार," आक्का म्हणाली.

ती माझी परीक्षक झाली. हात धुऊन ती मनगटावर थेंब घ्यायची आणि थोडा वेळ डोळे मिटून बसायची. "आग होते," पहिल्यांदा म्हणाली. मी साल दोनदा ताकात घातली. "होते." मी मिरचीचं तेल अर्धं केलं, बाकी गाजराचं ओतलं. "थोडी होते." लग्न आठवड्यावर आलं होतं. मी आणखी पातळ केलं. रंग तरीही लाल होता, शपथ.

चौथ्या वेळी ती बराच वेळ बसली आणि म्हणाली, "नाही होत."

मी आक्काला मिठी मारली, मिरच्यांसकट. ती बाई हसून कामाला लागली. चार देठं खुडली असतील, डोळ्यात काहीतरी गेलं म्हणून तिने त्याच बोटांनी डोळा चोळला. डोळ्याला पाणीसुद्धा आलं नाही.

मी तिच्यासमोर बसले. "हाताची आग थांबली का गं तुझी?"

"चार दिवस झाले," ती खुशीत म्हणाली. "आता काही नाही होत."

तिने खूश का होऊ नये? पण निवली होती ती डबी की तिचा हात, हे सांगणारं आता पथारीवर कुणी उरलं नव्हतं.

"आते तीबी आमनामा वनी," म्हणत आक्काने तिला आपल्यात जमा करून टाकलं.

तेवढ्यात फोन वाजला. "फुई, झालं?" डबी माझ्या हातात होती. 'झालं' म्हणायला किती वेळ लागतो? दह्याची वाटी आठवली.

"नाही झालं," मी म्हणाले.

भाचीने ओठांना नुसतं साजूक तूप लावलं आणि लग्नभर तोंड उघडं टाकून हसली. जेवणं उरकल्यावर फोटोग्राफर लॅपटॉप घेऊन माझ्याकडे आला. "मावशी, नवरीचे ओठ फिके दिसताहेत. रंग भरून देऊ का? कोणता पाहिजे?"

मी पर्समधून डबी काढली आणि झाकण उघडून त्याच्यासमोर धरली. त्याने एकदा डबीत पाहिलं, एकदा पडद्यावर, आणि दोन-तीनदा बटण दाबलं. अगदी तस्सा लाल आला.