तांदळात राहिलेला ट्रान्झिस्टर

भुतंखेतं, चकवा, असलं काही मी मानत नाही. आजही नाही. माझा विश्वास तारा सांधणाऱ्या सोल्डरवर! तरी हे लिहितोय, कारण मला सुटलं नाही ते कदाचित तुमच्यापैकी कुणाला सुटेल...

गोष्ट ऐंशीच्या दशकातली. रत्नागिरी जिल्ह्यात जयगडच्या खाडीजवळ, जांभ्याच्या उंच कड्याखाली आमची वाडी. तिथे रेडिओ म्हणजे नुसती खरखर. मी हौशी रेडिओवाला. जाड तांब्याच्या तारेचा एकाच वेढ्याचा मोठा लूप एरियल म्हणून केला. अशा लूपचा इम्पीडन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, अगदी कमी, म्हणून मध्ये ट्रान्सफॉर्मर लावतात. मी म्हटलं, कशाला? आवाज वाढवणाऱ्या माझ्या ॲम्प्लिफायरच्या डबीत तीन पायांचा एकच ट्रान्झिस्टर, त्याच्या एमिटर नावाच्या पायाचाही इम्पीडन्स कमीच की — लूप सरळ तिथेच जोडू. जोडला, आणि घरात बातम्या खणखणीत! मी हवेत.

नारळी पौर्णिमेनंतरची पहिली फेरी. माझा मेहुणा सदा होडी घेऊन निघाला होता. त्याच्या बायकोचे दिवस भरत आलेले. आभाळाचा रंग मला काही आवडला नव्हता. आमच्याकडे होडीपुढे नारळ वाढवला की मग माघार नाही. म्हणून त्याआधी हवामान ऐकवायला मी सगळं सामान उचलून किनाऱ्यावर धावलो.

"काय ओ भावोजी, ह्या रिंगणात मासं घावणार काय?" सदा हसला. त्याच्या हातात नारळ होता.

मी लूप फिरवला. खरखर... आणि एकदम स्पष्ट आवाज — समुद्र खवळणार, मच्छीमारांनी जाऊ नये! सगळ्यांनी ऐकलं. सदाने नारळ खाली ठेवला.

"होड्या वर घ्या रे! भावोजींचा रेडिओ बोललाय."

दुपारी असा वारा सुटला की किनाऱ्यावर उभं राहवेना. एकही होडी पाण्यात नव्हती. वाडीने मला डोक्यावर घेतलं. ट्रान्सफॉर्मरशिवाय, सरळ जोडणी! मी ज्याला त्याला ऐकवत घरी आलो, तर बायको तांदूळ निवडत बसलेली.

"ओ, तुमचं ह्ये तीन पायांचं झुरळ तांदळातच ऱ्हायलंय!"

खाऱ्या हवेने पाय गंजतात म्हणून मी ट्रान्झिस्टर तांदळाच्या डब्यात ठेवायचो. पण आदल्या दिवशी सर्किटमधला काढून ठेवला होता, हे धावपळीत साफ विसरलो! ॲम्प्लिफायरची डबी उघडली. तीन भोकं, मोकळी. दुसरा ट्रान्झिस्टर माझ्याकडे नव्हताच.

त्यानंतर तोच लूप, तीच जागा, किती वेळा करून पाहिलं. ट्रान्झिस्टर लावला की आवाज, काढला की खरखर. मग त्या सकाळी कोण बोललं? जाणकारांना विचारलं. ते म्हणतात, लावून पुन्हा काढून ठेवल्याचं तू विसरला असशील. अहो, लावायलाच विसरलो होतो, तीच तर पंचाईत!

उत्तर आजही नाही. सदा मात्र आहे. कालच नातवाला घेऊन आला आणि चहात साखर कमी पडली म्हणून माझ्याशी भांडून गेला.