महामायाताईंची तेवीस लेकरं

महामायाताई इंगळेंना कुणी विचारलं, तुम्ही काम काय करता, तर त्या दोन शब्दांत सांगून मोकळ्या होतात, "लेकरं तोलतो." ऐकणारा गोंधळला तर त्याला खुशाल गोंधळू देतात. मोताळा तालुक्यातल्या बारा गावांत बाळ जन्मलं, की महिनाभराने ताई काटा आणि झोळी घेऊन दारात हजर. बाळाचं वजन घ्यायचं, लिहायचं, आणि ते सहा महिन्यांचं झालं की पुन्हा यायचं. बुलढाण्याच्या एका संस्थेचं हे काम, आणि ताईंना त्यात एकोणीस वर्षं झाली. सुरुवातीला तोललेली पोरं आता कॉलेजात जातात आणि एसटी स्टँडवर ओळख देत नाहीत, याचा त्यांना मनापासून राग आहे. "एवढंसं होतं हे, माह्या हातावर मुतलं होतं," असं त्या त्यांच्या मित्रांदेखत सांगतात. ओळख न देण्याचं कारण बहुधा हेच असावं.

हात असा बसलाय, की बाळ नुसतं उचललं तरी ताई वजन सांगतात. मग काट्याला टांगून बघा, पन्नास-शंभर ग्रॅमच्या वर फरक निघायचा नाही.

अशा बाईला यंदा संस्थेने कॉम्प्युटरसमोर बसवलं. आजवर ताई वही भरायच्या आणि ऑफिसातलं कुणीतरी ते आकडे आत टाकायचं. आता म्हणे आपापला डेटा आपणच सांभाळायचा. त्यासाठी सांख्यिकीचं सॉफ्टवेअर शिकायचं, सोमवार ते शुक्रवार, बुलढाण्याच्या ऑफिसात, संस्थेच्या इतर काही केंद्रांवरच्या बायांबरोबर. ताईंनी नवऱ्याला सांगून पाहिलं, की मी या वयात काय शिकणार. इंद्रभानभाऊंचं मोताळ्यात मिक्सर-पंखे दुरुस्तीचं दुकान आहे. ते स्क्रू पिळता पिळता म्हणाले, "मशीन कोनतीबी असो, पह्यले तिले भेनं सोडा लागते. मंग थे आपोआप सुदी होते." मिक्सरबद्दल हे खरं असेल, असं मनात म्हणत ताई सकाळच्या गाडीने राजूर घाट चढल्या.

शिकवणारी प्रेरणा बुलढाण्याचीच, वयाने ताईंच्या मुलीएवढी, पण चिडणं हे तिच्या कुंडलीतच नव्हतं. आडवी ओळ म्हणजे एक बाळ, उभा रकाना म्हणजे एक प्रश्न, हे तिने सांगितलं ते ताईंना लगेच पटलं. वहीतही तसंच असतं. मुलगा म्हणजे एक आणि मुलगी म्हणजे दोन, हे मात्र पटलं नाही. "पोरगी दोन नंबर काऊन वो?" त्यांनी विचारलं. प्रेरणाने सगळ्याच फायलींत ते उलटं करून टाकलं, तेव्हा कुठे गाडी पुढे सरकली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत ताई आपल्या दोनशे चौदा लेकरांतून फक्त धामणगाव बढे या एका गावाची वेगळी काढायला शिकल्या होत्या, आणि घरी जाताना सगळ्या बसला ते सांगावं असं त्यांना वाटत होतं.

बुधवारी मात्र घात झाला.

त्या दिवशी सराव म्हणून प्रेरणाने सगळ्या केंद्रांच्या खऱ्या फायली घेतल्या. पहिलं वजन आहे पण दुसरं नाही, अशी बाळं केंद्रवार काढायची. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर तक्ता उमटला. कुणाची चार, कुणाची सहा, कुणाची तीन. मोताळा, तेवीस. ताईंनी वळून पाहिलं, तर मागच्या खुर्चीत राजकुमार सर बसले होते.

राजकुमार सर प्रकल्पाचे प्रमुख. माणूस वाईट नव्हे, पण पोळलेला. दोन वर्षांपूर्वी एका केंद्रावरच्या गड्याने चाळीस बाळांची वजनं घरी पंख्याखाली बसून भरली होती. त्यातली निम्मी बाळं जन्मालाच आली नव्हती. तेव्हापासून सर कुणाच्याच वहीकडे सरळ नजरेने बघत नाहीत. सुक्याबरोबर ओलंही जळतं, ते असं.

जेवणाच्या सुट्टीत त्यांनी ताईंना बाजूला घेतलं. "ताई, ही तेवीस बाळं आहेत ना?"

त्या 'आहेत ना'चा अर्थ ताईंना बरोबर कळला. "हायेत सर. पह्यलं बाळंतपन माहेरी असते. माय सवा-दोन महिन्यानं लेकरू घेऊन सासरी जाते. मी शेऱ्यात लिहेल हाय तसं."

"शेरा कॉम्प्युटरात भरलेला नाही. आणि खरं सांगू का, त्या माणसानेही शेऱ्यात हेच लिहिलं होतं." सरांनी चष्मा पुसला. "शुक्रवारी मला वर कळवायचंय. पटण्यासारखं काहीतरी दाखवा. नाहीतर मोताळ्याची सगळी आकडेवारी काढून टाकावी लागेल, आणि मग तुमच्याबद्दलही विचार करावा लागेल."

एकोणीस वर्षांचं काम आणि दोन दिवसांची मुदत. ताईंना राग आला, रडू आलं, आणि दोन्ही गिळून त्या डब्यातली भाकरी कुस्करत बसल्या. कर नाही त्याला डर कशाला, असं एखादीने ठणकावलं असतं. ताईंना ते म्हणता येईना. तेविसांतल्या एका लेकराच्या बाबतीत त्यांच्या हातून चूक झाली होती.

धामणगाव बढ्याला अंबूबाई म्हणून एक म्हातारी आहे. सात महिन्यांपूर्वी ताई तिच्या नातवाला तोलायला गेल्या, तर म्हातारी उंबऱ्यात आडवी झाली. "मोजलेलं लेकरू वाळते, बाई. तुह्या झोळीत मी नाही घालू देत." ताईंनी समजावलं, विनवलं, लेकीने आईला हात जोडले. म्हातारी ढिम्म. शेवटी एवढीच सूट मिळाली, की मांडीवर घे, दोन मिनिटं खेळव आणि जा. ताईंनी बाळ घेतलं. हाताने सांगितलं, तीन किलो सहाशे. वहीत रकाना मोकळा सोडायची सोय नव्हती. मोकळा रकाना दिसला की ऑफिसातून वही परत यायची. ताईंनी तीन किलो सहाशे लिहून टाकलं. एकोणीस वर्षांत काट्याशिवाय लिहिलेला हा एकच आकडा. खाई त्याला खवखवे. त्या दिवसापासून वही उघडली की ताईंची नजर आधी त्या ओळीवर जायची. आता सरांनी एकेक बाळ तपासायला घेतलं आणि हे निघालं, तर बाकीची बावीस खरी आहेत हे कोण मानणार?

गुरुवारी प्रेरणा दोन फायली एकमेकींना जोडायला शिकवत होती. जोडायचं तर दोन्हींत सारखी असेल अशी एक खूण लागते, तिने सांगितलं, आणि आपली खूण म्हणजे बाळाचा नंबर.

ताईंनी हात वर केला. "नंबर तं गावावरून देतो आपन. माह्या धामनगावचं लेकरू सासरी डोनगाव केंद्रात गेलं, तं तिथं त्याले कोनता नंबर भेटते?"

"तिथला नवीन."

"मंग तिथल्या फायलीत थे सहा महिन्याचं होऊनच उगवलं असन. पह्यलं वजन नसलेलं."

प्रेरणा थांबली. "अशी आहेत, ताई. सगळ्या केंद्रांची मिळून एकसष्ट. भरताना काहीतरी चुकलं असेल म्हणून आम्ही ती बाजूला काढून ठेवलीत."

काखेत कळसा नि गावाला वळसा! ताईंची लेकरं सरांना जगभर सापडत नव्हती, आणि ती याच ऑफिसातल्या दुसऱ्या फायलीत पडून होती. पण ओळखायची कशी? आईचं नाव कामाचं नाही. सासरी आडनाव बदलतं, कुठे कुठे पहिलं नावही बदलतात. नुसती जन्मतारीख घ्यावी, तर एका तारखेला चार चार बाळं. ताईंनी डोळे मिटले आणि डोळ्यांसमोर ते दवाखान्याचं कार्ड आणलं, जे बाई माहेराहून सासरी पिशवीत जपून नेते आणि वजन करायला आलेल्या प्रत्येकीपुढे धरते.

"कार्डावरचं घे," त्या म्हणाल्या. "जन्मतारीख, जन्माचं वजन, अन् पोरगं का पोरगी. हे तिन्ही जिथं जमलं, थे लेकरू माहं."

"तुम्हीच करा," प्रेरणा म्हणाली आणि हात पाठीमागे बांधून उभी राहिली.

ताईंनी एका बोटाने तीन रकाने निवडले, देवाचं नाव घ्यायची सवय नसल्यामुळे नुसताच श्वास रोखला, आणि बटण दाबलं. जुळलेली बाळं, शून्य.

आता मात्र त्या खुर्चीत मागे कोसळल्याच. प्रेरणाने वाकून पाहिलं आणि हसली. "ताई, त्या एकसष्टांच्या फाईलमध्ये तारीख अक्षरं म्हणून भरलीय, तुमच्यात तारीख म्हणून. कॉम्प्युटरला ती एक वाटतच नाही. सगळ्या तारखा आधी सारख्या करून घेऊ." ते करायला दहा मिनिटं लागली. ताईंना ती बाळंतपणापेक्षा मोठी वाटली.

पुन्हा बटण. वीस.

डोणगाव अकरा, चिखली सहा, नांदुरा तीन. ताईंचा जीव भांड्यात पडला. त्या एकेक ओळ बोटाने वाचू लागल्या. ही तर जुळ्यांतली थोरली, धाकटी खालीच आहे. हा पोटदुखीने रात्रंदिवस रडायचा, सहा किलो नऊशे झाला! ज्या बायांना ताईंनी आयुष्यात पाहिलं नव्हतं, त्यांनी लांब लांबच्या गावांत बसून हीच लेकरं तोलली होती. याहून चांगला साक्षीदार कुठे मिळणार? उरलेली तीन खानदेशात गेली होती, संस्थेच्या हद्दीबाहेर. त्यांच्या आज्ज्यांना फोन लावले, आज्ज्यांनी लेकींना लावले, आणि चहा येईपर्यंत तीन कार्डांचे फोटो मोबाइलवर आले. एका फोटोत कार्डाचा कोपरा बाळाच्या तोंडात होता.

तेवीसपैकी तेवीस.

शुक्रवारी राजकुमार सरांनी सगळी यादी शांतपणे पाहिली. तारीख, वजन, तारीख, वजन. शेवटी चष्मा काढून म्हणाले, "ताई, माझं चुकलं. मी तुमच्यावर संशय घ्यायला नको होता." खोलीतल्या बाकीच्या बाया ऐकत होत्या. दोन दिवसांपूर्वी याच खोलीत गेलेली अब्रू व्याजासकट परत आली होती. ताईंनी आता नमस्कार करून उठायचं, एवढंच बाकी होतं. अंबूबाईचा नातू डोणगावच्या अकरांत बिनबोभाट बसला होता. बाळ खरं, तारीख खरी. पहिल्या महिन्याचं वजन कसं आलं, हे कुणी विचारलं नव्हतं आणि कधी विचारणारही नव्हतं.

ताई उठल्या, दारापर्यंत गेल्या आणि परत आल्या. सरांनी माफी मागितली नसती तर कदाचित निभावलं असतं. त्या माफीने सगळा घोटाळा केला. खऱ्या बाईची म्हणून ती मागितली होती, आणि ताई पुरत्या खऱ्या नव्हत्या.

"सर, यातला एक आकडा मी हातानं टाकेल हाय," त्या म्हणाल्या. मग म्हातारी, उंबरा, मांडी, तीन किलो सहाशे, सगळं एका दमात सांगून टाकलं. "लेकरू खरं हाय. वजन काट्यावरचं नाही. तुमाले काय करायचं थे करा, मले आता लपवनं होत नाही."

सरांनी यादी खाली ठेवली. "तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"मोकळा रकाना चालत नाही म्हने. तसा कागद आला होता ऑफिसातून."

तो कागद सरांनीच काढला होता, सहीसकट. ते उठले. मग खुर्ची ओढून ताईंसाठी कॉम्प्युटरसमोर ठेवली. "काढा तो आकडा. मोकळं सोडा. आणि त्या कागदाचं मी बघतो. सोमवारी तुम्ही नेहमीसारखं फिरतीवर जा."

ताईंना ते शेवटचं वाक्य नीट कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा त्यांनी खुर्चीचा हात घट्ट धरला. मग ओळ शोधली, तीन पूर्णांक सहा पुसलं. चौकटीत बारीकसं टिंब उमटलं.

"हे काय झालं?"

"म्हणजे इथे वजन नाही," प्रेरणा म्हणाली. "मोजलं नाही म्हणून नाही. कॉम्प्युटर आता हे हिशेबात धरणार नाही."

"अन् सरासरी? थे बिघडली असन ना माह्यापायी?"

प्रेरणाने पहिल्या वजनांची सरासरी काढून दाखवली. आधीची दोनशे चौदा बाळांची, तीन पूर्णांक अठ्ठावन्न. आता दोनशे तेरांची, तीन पूर्णांक अठ्ठावन्न.

"अजून एकदा काढ बरं."

प्रेरणाने पुन्हा काढली. तेच. सात महिने ज्या आकड्याने धड जेवू दिलं नव्हतं, तो उपटून टाकला तरी सरासरी जागची हलली नव्हती. ताईंनी पदर तोंडाला लावला. खांदे हलत होते, आणि त्या हसताहेत की रडताहेत हे राजकुमार सरांना कळेना. त्यांनी घाबरून पाण्याचा ग्लास पुढे केला.

"काही नाही सर," ताई डोळे पुसत म्हणाल्या, "लय दिवसानं बरं वाटून राह्यलं." आणि ग्लासभर पाणी एका दमात पिऊन टाकलं.