बाटलीबाहेरचं पाणी

माझ्या नणंदेला मी वन्सं म्हणते. त्या माझ्याहून लहान आहेत, पण बस डेपोत उभा जन्म वाहतूक नियंत्रक म्हणून काढलेल्या बाईला अगं-तुगं करायची माझी कधी हिंमत झाली नाही. डेपोतले ड्रायव्हर त्यांना पाठीमागे 'लाल सिग्नल' म्हणत. काचेच्या केबिनमध्ये माइकसमोर बसून त्या गाड्या सोडायच्या. उशिरा आलेल्या ड्रायव्हरवर त्या कधी ओरडल्या नाहीत. सगळ्या डेपोला ऐकू जाईल अशा बेतानं त्याचं नाव घेऊन त्या फक्त किती वाजले ते सांगायच्या.

त्यांनी लग्न केलं नाही. का, असं कुणी विचारलं तर "वेळापत्रकात बसलं नाही" एवढंच उत्तर मिळे. माझे यजमान त्यांचे थोरले भाऊ. ते गेल्यानंतर वर्षअखेरच्या सुट्ट्यांत सगळ्यांनी जमायचं ते वन्सींच्या घरी, हे कुणी न ठरवता ठरून गेलं. फोटोफ्रेमच्या दुकानावर त्यांच्या दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. खाली खिळे ठोकले की वर कपाटातल्या बश्या वाजतात. त्या दोन खोल्यांत आम्ही नऊ माणसं झोपायचो, आणि कोण कुठल्या भिंतीकडे डोकं करून झोपणार हे वन्सं सांगायच्या. त्यावर अपील नसे.

निवृत्तीनंतर दुसऱ्या वर्षी त्यांच्या मूत्रपिंडांनीही निवृत्ती घेतली. तेव्हापासून आठवड्यातून तीनदा डायलिसिस. सेंटरवर खुर्चीत चार तास बसायचं, मशीन रक्त धुऊन परत देतं आणि अंगात साठलेलं पाणी काढून घेतं. मूत्रपिंड काम करत नाही म्हणजे प्यायलेलं पाणी पुढच्या खेपेपर्यंत अंगातच राहतं, म्हणून पाणी मोजून. वन्सं रोज सकाळी पाऊण लिटरची स्टीलची बाटली भरतात. गोळ्या त्यातून, चहा त्यातून, तहान त्यातून. बाटली संपली की दिवस संपला, मग सूर्य कुठंही असो.

आमच्या घराण्यात आजारी माणसाकडे रिकाम्या हातानं कुणी जात नाही, फळं नेतो. वन्सींना केळं चालत नाही, संत्रं चालत नाही, बहुतेक काहीच चालत नाही. हे सर्वांना माहीत आहे. तरी दर वेळी टोपल्या येतात, आणि आणणारा दारातच म्हणतो, "तुला चालत नाही, ठाऊक आहे, पण हात रिकामे कसे आणायचे?" वन्सं टोपली ठेवून घेतात आणि संध्याकाळी डेपोत पाठवून देतात. फळांच्या बाबतीत तो डेपो शहरातला सर्वांत निरोगी डेपो असावा.

गेल्या वर्षी सुट्ट्यांच्या आधी माझ्या धाकट्या दिरांचा फोन आला. भाऊजी विमा एजंट. कुठल्याही सुखात त्यांना आधी धोका दिसतो.

"वहिनी, मी ठरवलंय. यंदा शेवटचं ताईकडे. पुढच्या वर्षापासून आमच्याकडे. आजारी माणसाच्या घरी नऊ जणांनी जाऊन पडायचं म्हणजे काय? तिला किती त्रास द्यायचा?"

आम्हा सगळ्यांनाच ते समंजसपणाचं वाटलं. वन्सींना कळवलं तेव्हा त्या फक्त "हं" म्हणाल्या. डेपोत त्या अशा "हं" म्हणाल्या की ड्रायव्हर खाली उतरून चाकं तपासायचे. आमच्यापैकी कुणीच खाली उतरलं नाही.

पाहुणे यायच्या आदल्या दिवशी मी मदतीला गेले. त्या नुकत्याच सेंटरवरून आल्या होत्या. मी कपबश्या पुसत होते आणि त्या खुर्चीत बसून मी नीट पुसतेय का ते बघत होत्या.

"वहिनी, हे तीन दिवस मी आजारी दिसता कामा नये."

"पण वन्सं, तुम्ही आजारी आहात."

"असणं वेगळं, दिसणं वेगळं. दिसले तर तो म्हणेल, बघा, मी म्हणत होतो ना. सगळा कारभार जाईल त्याच्या गावाला. त्याच्या गावात मशीन आहे?"

मी पुसायची थांबले. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. भाऊजींचं गाव दिवसभराच्या प्रवासाइतकं लांब. तिथं चार दिवस राहायचं तर वन्सींना खुर्ची लागणार, आणि तिथं खुर्ची नव्हती. म्हणजे पुढच्या वर्षापासून सगळे जमणार, वन्सं सोडून.

"मग हे सरळ सांगा ना त्यांना."

"सांगितलं तर दयेपोटी हो म्हणेल. मग दर वर्षी दयेपोटी येईल. तोंड बघवायचं नाही मला त्याचं. तुम्हीही सांगायचं नाही. आणि त्या बशीला कडेनं ओल राहिलीय."

त्यात सुट्टीच्या दिवशी सेंटर बंद, म्हणून त्या आठवड्यात दोन खेपांमधलं अंतर एका दिवसानं वाढलेलं. वन्सींना त्याची फिकीर नव्हती. बाटलीचा हिशेब त्यांच्या हातात होता.

दुसऱ्या दिवशी सगळे आले. भाऊजी, जाऊबाई, त्यांचा मुलगा, सून, दोन नातवंडं, माझी लेक आणि जावई. फळांच्या चार टोपल्या. वन्सं नवी साडी नेसून, केस विंचरून दारात उभ्या होत्या आणि चपला कुठं काढायच्या ते सांगत होत्या. भाऊजींनी त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं, एखादा दावा मंजूर करायच्या आधी बघावं तसं.

"ताई, बरी दिसतेस."

"मग काय, फोटोला हार घालून बसू?"

पुढे जे झालं ते असं. वन्सींना पाणी वर्ज्य, हे घरातल्या लहान मुलालाही माहीत होतं. त्यामुळे त्यांना पाणी कुणीच दिलं नाही. एकानंही नाही. धाकटा नातू तर बाटलीपाशी राखण करायचा आणि कुणी हात लावला की "आजीचं आहे!" म्हणून बोंब ठोकायचा.

पण सूप म्हणजे काही पाणी नव्हे. जाऊबाईंनी दुपारी भाज्यांचं सूप केलं आणि वन्सींना वाटीभर दिलं. चव बघा म्हणून आणखी थोडं. चहाच्या वेळी जाऊबाईंनाच वाटलं, सगळे पितायत आणि या नुसत्या बघतायत, बरं दिसत नाही. म्हणून अर्धा कप. माझ्या लेकीनं आइस्क्रीम आणलं होतं, ते तर चमच्यानं खायचं. जावयानं स्वतःच्या सरबतातलं अर्धं काढून, आत्या, कुणाला सांगू नका, असं डोळ्यांनी सांगून त्यांच्या हातात दिलं. सुनेनं खीर. मी दुसऱ्या दिवशी सकाळी पेज दिली, कारण मला त्या थकलेल्या वाटल्या. जो तो समजत होता की हे लाड आपण एकटेच करतोय.

आणि वन्सींनी कुणालाच नाही म्हटलं नाही. आयुष्यभर नाही म्हणायचा पगार घेतलेली बाई ती. पण एकदा नको म्हटलं की दुसरा विचारणार, का नको, तिसरा सांगणार, आजारी आहे ना, आणि चौथे भाऊजी. म्हणून त्या हसून घेत गेल्या. बाटली मात्र रोज नियमानं भरली आणि नियमानं संपवली.

सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी सगळे पत्ते खेळत होते. वन्सींच्या चपला त्यांच्या पायात जाईनात. त्या अनवाणी बसल्या. भाऊजी म्हणाले, "ताई, जरा आडवी हो, दमलीस."

"बसलेलीच बरी. पान टाक."

"अगं, पण तू धापा टाकतेयस."

"तुझे पत्ते बघून."

सगळे हसले. मी हसले नाही, कारण आडवं झालं की त्यांना दम लागत होता, हे मी शेजारच्या खोलीत पाहिलं होतं. मी सेंटरच्या तातडीच्या नंबरवर फोन केला. कशा आहेत, बोलता येतंय का, ते विचारून पलीकडचा माणूस म्हणाला, सकाळची पहिली पाळी सुरू करायच्या आधी घेऊन या, मधे दम वाढला तर सरळ हॉस्पिटल. वन्सींनी उशांची चळत रचली आणि टेकून बसल्या. भाऊजी त्यांच्या समोरच्या खुर्चीत बसून राहिले. दोघांपैकी कुणीच काही बोललं नाही, म्हणजे दोघांनाही सगळं कळलं होतं असं मला वाटलं. ते चूक होतं. भाऊजींना फक्त एवढंच कळलं होतं की आपलं म्हणणं बरोबर निघालं.

सकाळी भाऊजींनी गाडी काढली. सेंटरवर आधी वजनकाटा. सिस्टरनं आकडा बघितला, काट्याला हलकेच एक चापट मारली आणि पुन्हा बघितला.

"मावशी, काय काय प्यायलात?"

"बाटलीतलंच."

"बाटली केवढी? हौदाएवढी?"

त्यांना खुर्चीत बसवून मशीन लावलं. आम्ही बाहेर बाकावर बसलो. भाऊजी म्हणाले, "बघितलंत वहिनी? म्हणून म्हणत होतो. झेपत नाही तिला. बाटली भरून ठेवते आणि पाणी चोरून पीत असणार."

"चोरून नाही प्यायल्या," मी म्हणाले. "मी पेज दिली होती."

"पेज म्हणजे काय पाणी आहे का?"

"मलाही तसंच वाटलं होतं."

मग भाऊजी म्हणाले, "मी काल तिला कलिंगडाच्या फोडी दिल्या. दोनदा. फळ चालत नाही ठाऊक होतं, पण फोडी म्हणजे काही पाणी नव्हे."

त्यांनी घरी फोन लावला आणि आवाज मोठा केला. पलीकडे आधी कुणीच कबूल होईना. मग जाऊबाई म्हणाल्या, वाटीभर सूप दिलं होतं, पण पातळ नव्हतं. लेक म्हणाली आइस्क्रीम. सून म्हणाली खीर, आटवलेली. जावई म्हणाले, सरबताचं मी सांगणार नव्हतो. भाऊजी बोटांवर मोजत होते. दोन्ही हातांची बोटं संपली तेव्हा त्यांनी फोन बंद केला आणि हात खिशात घातले.

तासाभरानं सिस्टरनं एकेकाला आत सोडलं. मी दारातच थांबले. वन्सींची धाप जरा ओसरली होती. शेजारच्या खुर्चीतले आजोबा दाराकडे बघून म्हणाले, "सुट्टीचे पाहुणे? माझ्याकडे पण आलेत." आणि त्यांनी डोळे मिटले.

भाऊजी वन्सींच्या खुर्चीजवळ उभे राहिले. "ताई, नको म्हणायचं होतंस. एकदा तरी."

"म्हटलं असतं तर पुढच्या वर्षी तू तुझ्याकडे ठेवलं असतंस."

"ठेवणारच होतो. तुझ्यासाठीच."

"तुझ्या गावात हे मशीन आहे?"

भाऊजींनी मशीनकडे बघितलं. नळीतून रक्त जात होतं, दुसऱ्या नळीतून येत होतं.

"नाही," ते म्हणाले.

"मग मला त्रास नको म्हणून तुम्ही सगळे जमणार आणि मी इथं बसणार. बरोबर ना? तुझा विमा या गोष्टीला लागू आहे का?"

"ताई, तू मला हे आधी—"

"सांगितलं असतं तर असंच तोंड केलं असतंस. तेच नको होतं. आता केलंस ते केलंस. बाजूला हो, सिस्टरला जागा दे."

सिस्टर सुईची पट्टी बघायला आली होती. भाऊजी बाजूला झाले, तिथून आणखी बाजूला झाले, आणि शेवटी बाहेर आले. मला वाटलं ते बाकावर बसतील. ते सरळ खिडकीपाशी गेले, जिथं एक क्लार्क डोळे चोळत पावत्या फाडत होता.

"पुढच्या वर्षी सुट्टीच्या आठवड्यात सेंटर कुठल्या दिवशी बंद?" भाऊजींनी विचारलं.

"अजून लागलं नाही वेळापत्रक."

"कधी लागतं?"

"सुट्टीच्या आधी दोनेक आठवडे."

"मग आम्ही रजा कधी काढायच्या? नऊ माणसं आहेत. तिकिटं काढावी लागतात. एक दिवस आधीची पाळी मिळेल का? म्हणजे मधे अंतर पडणार नाही. आणि आम्ही काय काय द्यायचं नाही, ते आम्हाला कोण समजावून सांगेल? सगळ्यांना बसवून सांगा. आम्हाला काही कळत नाही."

क्लार्कनं पहिल्यांदा मान वर केली.

"पेशंट कोण, तुम्हीच का?"

"नाही," भाऊजी म्हणाले. "मी पाहुणा."