मोरव्याच्या मातीला अजीर्ण

लेकीच्या सासरी जाताना जीभ घरीच ठेवायची असते. मी ती चुकून बरोबर घेतली आणि सकाळच्या बसने चिपळूणहून निघाले.

काशीमिऱ्याला उतरले. रिक्षावाल्याला म्हटलं, "मोरवा गाव. खेत में जाना है."

"खेत? भाईंदर में? माताजी, बिल्डिंग का नाम बोलो!"

बिचाऱ्याचं काय चुकलं? टॉवर बघून बघून माझी मान अवघडली होती. पण पश्चिमेला पुढे खारा वारा लागला आणि मोरव्याच्या गल्लीत कोंबड्या रिक्षाला आडव्या आल्या.

व्याही दारातच उभे. पाणी नंतर, आधी कागद. तोही लॅमिनेट केलेला!

"विहीणबाई, मातीचा रिपोट. 'स्फुरद अत्यंत जास्त.' गावात आपला पयला नंबर हाय!"

माझी उभी हयात माती तपासण्यात गेली. स्फुरद म्हणजे तुमचा तो फॉस्फरस. कमी पडला तर पीक खुरटतं हे खरं; पण वर्षानुवर्षं साठत गेला की जस्त आणि लोह पिकाला मिळू देत नाही. हे लेकीच्या सासऱ्याला कोण सांगणार? "कागद छान आहे हो," एवढंच म्हणाले.

जेवायला तांदळाची भाकरी आणि बोंबलाचं कालवण. तीन भाकऱ्या खाल्ल्या. विहिणीचा संकोच वगैरे भरल्या पोटी आठवला.

मग लेकीने घरामागची वाडी दाखवली. भेंडीच्या पानांच्या शिरा तेवढ्या हिरव्या, बाकी पान पिवळं. माठ तर वीतभरही नाही.

"पानं पिवळी पडली की इकडचे बाबा अजून डीएपी टाकतायत," ती हळूच म्हणाली. डीएपी म्हणजे स्फुरदाचंच खत! "यंदा भाजी आली नाही तर भाऊजी इथे भराव टाकून टेम्पो लावणार. बाबांनी शब्द दिलाय."

रात्रभर मी जीभ दाताखाली धरली.

सकाळी निघताना व्याही वानवळा (पाहुण्याला द्यायचा घरच्या शेतातला जिन्नस) आणायला वाडीत गेले. बराच वेळ फिरले. आले ते तीन वाकड्या भेंड्या घेऊन.

"एवढ्या सालात विहिणीला असं कदी धाडलं न्हाय," म्हणाले आणि मान फिरवली.

मला राहवेना. "व्याहीबुवा, मातीला अजीर्ण झालंय. तुम्ही तिला आणखी वाढताय."

"मंग औषद?"

"उपास! डीएपीचा दाणा नको, शेणखतही बेताने. जस्त आणि लोह पानांवर फवारा. पण साठलेलं उतरायला वर्षं जातील."

झालं! आता माझ्यापायी लेकीला टोमणे! व्याही आत गेले आणि उरलेलं खत गच्च बांधून घेऊन आले.

"ह्ये पन न्या. घरात ऱ्हायलं तर माजा हात ऱ्हानार न्हाय." मग टेम्पोवाल्या मुलाला हाक मारली, "ए, टेम्पो भायेरच लाव. वाडी उपासाला बसलीय, उटवायची न्हाय!"

मुलगा पुटपुटला, पण टेम्पो बाहेरच राहिला. लेक पदराआड हसली.

चिपळूणला ते खत माती तपासूनच आंब्याला घातलं. आमच्या तांबड्या मातीला ते हवंच होतं. तीन भेंड्यांची भाजी आम्ही नवराबायकोने पुरवून खाल्ली. हे म्हणाले, "जरा जून आहे."

"गप खा," मी म्हटलं. "त्यांच्या वाडीत तेवढ्याच होत्या."