संघात मराठी बोलणारे आम्ही दोघंच

बाबा मालधक्क्यावर सिमेंटची पोती उतरवायचे. घरी यायचे तेव्हा भुवया, पापण्या, कानावरचे केस, सगळं करडं. माय दारातच बादली ठेवायची. अंगावरचं ते सिमेंटचं पाणी मोरीत घट्ट होऊन बसेल म्हणून त्यांना गल्लीतच आंघोळ घालायची. हैदराबादेत तारनाक्याच्या मागं आमची एक खोली. नांदेडकडून आलेली माणसं आम्ही. धक्क्यावर वॅगन लागली नाही की काम नाही. त्या संध्याकाळी भाकरी आणि तिखट. बहिणीला तिखट सोसायचं नाही, ती पाण्यात बुडवून खायची.

फुटबॉल क्लबच्या निवड चाचणीला मी गेलो, त्या दिवशी बाबा धक्क्यावरून तसेच आले. आत आले नाहीत. जाळीच्या कुंपणाबाहेर उभे राहिले.

मी चांगला खेळलो. शाळेपासून मी मिडफिल्डर. चेंडू पायाशी आला की कोण कुठं धावणार ते मला आधी दिसायचं. आमच्या घरात मिरवण्यासारखं तेवढंच होतं.

प्रशिक्षक जवळ आले. शहरातल्याच हिमायतनगर भागातल्या जुन्या मराठी घराण्यातले. घरात वकील, प्राध्यापक, सरकारी अधिकारी. त्यांनी माझं आडनाव विचारलं. गाव विचारलं. मग कुंपणाकडं बघितलं.

"ते वडील का?"

"हो सर."

"पोती उचलतात?"

"हो."

सर हसले. खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "अरे वा! म्हणजे दम रक्तातच आहे. डोक्याचं काय ते आम्ही बघू."

मला ते कौतुक वाटलं. घरी जाऊन मी ते हौसेनं बाबांना सांगितलं. बाबा तांब्यानं पाणी ओतत राहिले.

संघात तेलुगू पोरं होती, जुन्या शहरातली होती, केरळची, मणिपूरची होती. सर सगळ्यांशी इंग्रजीत बोलायचे, नाहीतर हिंदीत. माझ्याशी तेवढं मराठीत. सुरुवातीला बरं वाटायचं. दिवसभर दुसऱ्यांच्या भाषांत वावरल्यावर कुणीतरी "काय रे, जेवलास का" म्हणतं, तर बरं वाटणारच.

मग कळायला लागलं. मैदान कसं वाचायचं, जागा कशी शोधायची, हे सर दहा नंबरच्या पोराला इंग्रजीत समजावत. माझ्याकडं वळून मराठीत सांगत, "चेंडू हिसकाव, याला दे, बाजूला हो." मी विचारलं, "सर, मोकळा माणूस दिसला तर मीच पास देऊ का?"

"तुमच्या लोकांना राबायची सवय पिढ्यानपिढ्या. डोक्याची दगदग कशाला करतोस?"

हे हसत हसत. चेहऱ्यावर माया. मराठी न समजणाऱ्याला वाटावं, बाप लेकाशी बोलतोय.

मी तेव्हा बी.ए. करत होतो. जुनी पुस्तकं कोठीच्या बाजारातून आणायची, प्रवासात वाचायची. बसमध्ये सरांनी पुस्तक उचलून बघितलं, परत मांडीवर टाकलं. "एवढं कशाला वाचतोस? तुम्हाला तसंच मिळतं की." मागच्या सीटवर आमचा गोलकीपर होता. जुन्या शहरातला, मनानं चांगला. तो म्हणाला, "सर तेरे को बहुत मानते, मियाँ. अपनी जबान में बात करते."

मी खिडकीबाहेर बघत राहिलो. त्याला काय सांगणार? सगळ्यांच्या देखत कुणी तोंडात मारावी आणि आवाज फक्त आपल्यालाच ऐकू यावा, तसं ते होतं.

बी.ए. झालो. घरातला पहिला. त्याच हंगामात तो सामना झाला.

बरोबरी होती. वेळ संपत आली होती. मी चेंडू हिसकावला. दहा नंबरला दोघांनी घेरलेलं. पलीकडच्या कडेनं आमचा विंगर सुटलेला मला दिसला. मी मान वर केली आणि लांब पास दिला. त्याच्या पायात पडला. गोल.

ड्रेसिंग रूममध्ये नुसता दंगा. सरांनी इंग्रजीत सगळ्यांची पाठ थोपटली. मग माझ्यासमोर आले. गालावर हलकी चापटी मारली, आणि हसत मराठीत म्हणाले, "पोतं उचलणाऱ्यानं पोतं उचलावं. कुठं ठेवायचं ते मालक सांगतो. परत शहाणपणा केलास तर बाकावर बसवीन."

सर हसले म्हणून पोरंही हसली. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. गोलकीपर म्हणाला, "क्या बोले सर? बोल ना!"

आजवर मी म्हणायचो, "कुछ नहीं रे, शाबाशी दिए."

त्या दिवशी मी उभा राहिलो.

"सर बोले, बोरा उठानेवाला बोरा उठाए. किधर रखना वो मालिक बोलेगा. ऐसाच बोलते मेरे को, पहले दिन से. मराठी में बोलते, तुम लोगां को समझना नक्को करके."

एक नळ तेवढा वाहत होता.

"अरे, मजाक है," सर म्हणाले. "हम लोगों में चलता है."

"हम लोग कौन, सर?"

मग मी शेवटचं मराठीत बोललो. "यापुढं माझ्याशी मराठीत बोलायचं नाही. ही भाषा माझ्या मायचीपण आहे."

कुणीही माझ्या बाजूला येऊन उभं राहिलं नाही. गोलकीपर बांधलेल्या लेस पुन्हा बांधत बसला. बाहेर पडताना हळूच म्हणाला, "सच बोला तू. लेकिन घर में बहनां हैं मेरे, भाई." मला त्याचा राग आला नाही. पण मी एकटा पडलो, हेही खरंच.

उरलेला हंगाम बाकावर गेला. करार वाढवला नाही. 'पोरगा उद्धट आहे' हे सगळ्या क्लबांत माझ्याआधी पोचलं. शेवटी दुसऱ्या राज्यात, खालच्या दर्जाच्या लीगमधल्या एका संघानं घेतलं. नवं शहर, एक कॉट, कुणाची भाषा कळत नव्हती. सरावानंतर पोरं आपापल्या घोळक्यानं जायची. मी एकटाच भिंतीवर चेंडू मारत राहायचो.

तिथं बाबांचा फोन आला.

"काय बोललास रे त्या साहेबाला?"

मी सांगितलं.

बाबा म्हणाले, "पुन्हा सांग."

मी पुन्हा सांगितलं. ते ऐकत राहिले. "जेव वेळेवर," म्हणाले आणि फोन ठेवला.

तिथल्या प्रशिक्षकानं विचारलं, कुठं खेळणार? मी म्हणालो, मध्ये. आणि चेंडू हिसकावून मी दुसऱ्याच्या हवाली करणार नाही. खेळ मी चालवणार. चुकलो तर काढून टाका. बऱ्याचदा चुकलो. त्यांनी काढलं नाही.

आज मी वरच्या लीगमध्ये खेळतो. संघाचा कर्णधार आहे. फ्री-किक, कॉर्नर मी घेतो. प्रशिक्षकाच्या परवान्याचा अभ्यास चालू आहे. हैदराबादला सामन्यासाठी येतो तेव्हा ते सर कधीकधी समोर येतात. इंग्रजीत बोलतात. मी इंग्रजीत उत्तर देतो आणि पुढं जातो. मी त्यांना माफ केलेलं नाही. करणारही नाही.

मैदानाच्या मधोमध उभं राहिलं की अजून एकटं वाटतं. वाटू दे. ती जागा माझी आहे. ज्या दिवशी पाय थकतील त्या दिवशी सोडीन. कुणाच्या सांगण्यावरून सोडणार नाही.