खांबाला घातलेले पाणी

केजमध्ये शिक्षकांच्या सहकारी गृहनिर्माण संस्थेत माझे घर होते. भूखंड तीस फूट रुंद, चाळीस फूट लांब. घर वजा करता उरलेल्या अंगणात मला ऐंशी मीटर लहरींचा अँटेना उभारायचा होता. हौशी रेडिओचा परवाना हाती होता आणि यंत्र मी स्वतः जुळवले होते. अडचण जागेची होती. या लहरींसाठी उभा खांब वीस मीटर, म्हणजे पासष्ट फूट उंच हवा. माझ्याजवळ बावीस फुटांचा लोखंडी नळ होता.

कमी पडलेली लांबी तारेच्या वेटोळ्याने भरून काढता येते. त्या वर्षी बोअर आटल्यामुळे मोटर वाइंडिंगच्या दुकानात काम नव्हते. दुकानदाराने जुन्या मोटारींतली तांब्याची तार आनंदाने दिली. केसिंग पाइपच्या तुकड्यावर मी ती समान अंतराने गुंडाळली, वेढे दोनदा मोजले आणि वेटोळे खांबाच्या मध्यावर बसवले. ते काम चोख झाले होते, हे आजही म्हणेन.

चूक जमिनीत झाली. उभ्या अँटेनाचे निम्मे काम त्याच्या पायाखालची जमीन करते. मी वायरमनच्या रीतीने खड्डा खणून कोळसा-मीठ भरले आणि त्यात तांब्याची पट्टी पुरली. यंत्र आणि अँटेना यांची जुळणी दाखवणाऱ्या मापकाचा काटा अचूक जागी आला. माती सुकली की तो ढळे, म्हणून रोज सकाळी मी तिथे अर्धी बादली पाणी ओतू लागलो. टँकर तेव्हा चार दिवसांआड येत होता.

शेजारच्या वहिनींनी कुंपणावरून पाहिले.

“सर, लोखंडाला पालवी फुटनार हाय का?”

“वहिनी, ते अर्थिंग आहे.”

“आमी भांडी राखंनं घासतोय, अन् तुमचं अर्थिंग रोज अंगोळ करतंय. लई लाडाचं हाय!”

दुपारपर्यंत ही बातमी मागच्या घरात, म्हणजे संस्थेच्या अध्यक्षांकडे पोहोचली. खांब काढून टाकावा, असा विषय त्यांनी रविवारच्या सभेपुढे ठेवला.

हाती तीन दिवस होते. मी वही उघडली. काटा अचूक असूनही केरळातल्या एका गृहस्थांना माझा आवाज जेमतेम ऐकू येई. हिशेब मांडल्यावर कारण उघड झाले: यंत्राची बहुतेक शक्ती कोरडी माती तापवण्यात जात होती, आणि मातीचा तो विद्युतरोध मापकाला योग्य जुळणी वाटत होता. उत्तर नक्कल केलेले आणि गुण पैकीच्या पैकी, असा प्रकार. उपाय पाण्याचा नव्हता. खांबाच्या पायापासून चहूकडे, चार बोटे खोल, पुष्कळ तारा पसरायला हव्या होत्या. आणि माझे अंगण दहा पावलांत संपत होते.

सभेत मी आधी चूक कबूल केली. मग म्हणालो, “खांब राहू द्या. पाणी बंद. मात्र दोन्ही बाजूंच्या अंगणांतून मला तारा पुरू द्या.”

“म्हंजे गुन्हा तुमचा, अन् खड्डे आमच्या दारात?” अध्यक्ष म्हणाले. सगळे हसले.

वहिनींनी विचारले, “तारंला पानी लागंल?”

“थेंबही नाही.”

“करंट?”

“जमिनीत हात घालून दाखवतो.”

“मग पुरा. पन माझ्या वाळवणाच्या जागेत खड्डा ऱ्हायला, तर तार उपटून धुणं वाळत घालीन.”

दुसऱ्या बाजूच्या गुरुजींनीही मान डोलावली. विषय मागे घेतला गेला.

आठवडाभरात मी सोळा तारा पुरल्या आणि माती चोपून सारखी केली. काटा बिघडला. मला आनंद झाला. जमिनीतला रोध घटला होता, याची ती खूण होती. पायाशी एक लहान वेटोळे बसवून जुळणी दुरुस्त केली आणि त्या संध्याकाळी केरळात माझा शब्द न् शब्द पोहोचला.

मग एके सकाळी अध्यक्ष मागच्या कुंपणाशी उभे दिसले.

“सर, सगळ्यांच्या अंगणातून तार गेली, माझ्याच कुंपणाशी थांबली काहून?”

सतरावी तार फारसा फरक पाडणार नाही, हे मला गणिताने ठाऊक होते. मी कुदळ घेऊन त्यांच्या अंगणात गेलो आणि ती तार सर्वांत सरळ रेषेत पुरली.