शांतिकाकांची पाटी

शांतिकाका दुकानाचं शटर वर करण्याआधी वेबसाइट झाडायचे. शब्द त्यांचाच. मंगरूळपीरच्या आमच्या जैन धर्मशाळेची वेबसाइट, मी शाळेत कॉम्प्युटर शिकवते म्हणून, माझ्या गळ्यात पडली होती. काकांनी ती शिकून घेतली आणि मग मला हातच लावू देईनात. झालेलं प्रवचन, संपलेलं शिबिर, सगळं दुसऱ्या दिवशी उतरवलं जाई. "शिळी पाटी म्हंजे खोटी पाटी," म्हणायचे. "माणूस पाटी पाहून येते पोरी, आपल्याले पाहून नाई."

बदल केला की समोरच्या घरातून मला हाक. "यात्रेकरू बनून वाच." मी मोबाइलवर पान मोठ्याने वाचायचं, मगच ते अपडेटचं बटण दाबणार. एकदा मी वैतागले, "काका, नुसता फोटो तर बदललाय."

"मंग फोटो वाच."

भोजनाच्या पानावर मात्र कमलकाकूंचं, म्हणजे त्यांच्या बायकोचं, नाव आणि नंबर होता. धर्मशाळेत दिवस मावळल्यावर जेवण नाही; म्हणून येणाऱ्याने आधी फोन करायचा आणि काकूंनी ताटांची सोय बघायची, अशी रीत. काकू गेल्या. काका बाकीची पानं रोजच्यासारखी झाडत राहिले, तेवढं एक सोडून. काकूंचा फोन खिशात घेऊन फिरायचे; वाजला की म्हणायचे, "या, जेवण हाये." मी एकदा विषय काढला, तर म्हणाले, "तुले कायची घाई हाये?"

एक दिवस तो फोन घरी चार्जिंगला राहिला. वाशीम स्टेशनवर उतरलेल्या एक आजी आणि त्यांचा मुलगा फोन करून करून थकले. उचलला असता तर काकांनी वाशीमच्याच बसस्टँडवर कुणाकरवी डबा धाडला असता. ते पोचले तेव्हा अंधार पडला होता, आणि आजींचा नेम कडक, रात्री पाण्याचा घोटसुद्धा नाही. काका हात जोडून उभे राहिले. "असू द्या भाऊ," म्हणत आजी तशाच उपाशी निजल्या.

सकाळी आजींना स्वतः वाढून काकांनी मला बोलावलं. काकूंच्या जागी त्यांनी स्वतःचं नाव आणि नंबर घातला होता. "वाच." मी वाचलं. त्यांनी बटण दाबलं आणि विचारलं, "जुनं पान कुठं जाते वं?"

मी पानाच्या जुन्या आवृत्त्या उघडून दाखवल्या. काकूंचं नाव तिथे जसंच्या तसं होतं. पान परत आणायचं बटणही शेजारीच. काका बराच वेळ बघत बसले, मग त्यांनीच ते बंद केलं. "राहू दे अंदर. लोकायले नाई दिसलं तरी चालते. आपल्याले माहीत हाये ना."

यंदा काका गेले. दुपारी त्यांना पोचवून आले आणि रडू आवरत नव्हतं, तरी कॉम्प्युटर उघडला. भोजनाच्या पानावर माझा नंबर घातला, रिकाम्या खोलीत पान मोठ्याने वाचलं आणि दिवस मावळायच्या आत बटण दाबलं.